उंच, सडपातळ बास्केटबॉलपटूंनी ताकद आणि वजन कसे वाढवावे?

उंच आणि सडपातळ बास्केटबॉलपटूची उणीव मैदानावर चटकन उघडी पडते. बॉक्स-आउट करताना तो कमरेतून ढकलला जातो, लेअपला जाताना धक्का बसला की चेंडूवरची पकड सुटते आणि चौथ्या क्वार्टरमध्ये उडीची उंची घटते. महाविद्यालयाच्या संघात आल्यावर ‘आधी वजन वाढव’ हा सल्ला त्याला सगळीकडून मिळतो. मात्र किती वजन, किती दिवसांत, काय खाऊन आणि कोणत्या व्यायामाने, याबद्दल एकाचे उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. कुणी जिममुळे शॉट बिघडतो म्हणून घाबरवतो, तर कुणी महागड्या पावडरीचा डबा हातात देतो. साधारण १८ ते २३ वयोगटातील मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना या बाबतीत जे निर्णय घ्यावे लागतात, ते येथे क्रमाने मांडले आहेत.

ध्येय नेमके कोणते असावे?

बास्केटबॉलमध्ये उपयोगी पडते ती पाय, कंबर आणि पाठीची ताकद. वजन तिच्या मागोमाग यावे. नुसता वजनकाट्यावर डोळा ठेवला तर चरबी वाढते आणि उडी कमी होते.

केविन ड्युरँट टेक्सास विद्यापीठातले एक वर्ष खेळून २००७ मध्ये एनबीएच्या निवडपूर्व चाचण्यांना गेला, तेव्हा १८५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८४ किलोंचा बार त्याला बेंच प्रेसमध्ये एकदाही उचलता आला नाही. त्याची निवड मात्र दुसऱ्या क्रमांकावर झाली आणि पुढच्या हंगामात तो सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला. लांब हातांच्या खेळाडूची क्षमता बेंच प्रेसच्या आकड्यावरून जोखू नये, इतके यावरून समजते. यानिस अँटेटोकुन्म्पोचे उदाहरण दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावे. मिलवॉकी बक्सने २०१३ मध्ये त्याला निवडले तेव्हा त्याचे वजन ९० किलोंच्या आत होते. पुढे ते ११० किलोंच्या आसपास गेले आणि २०१९ व २०२० मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. या वीस किलोंना काही वर्षे लागली आणि तीही व्यावसायिक संघाचे आहारतज्ज्ञ व प्रशिक्षक दिमतीला असताना. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने तीन महिन्यांत दहा किलोंची अपेक्षा धरणे म्हणजे निराशेला आमंत्रण आहे.

पहिल्या वर्षासाठी पुढील टप्पे वाजवी आहेत:

- आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.२५ ते ०.५ टक्का वाढ. ७५ किलोंच्या खेळाडूसाठी ही वाढ साधारण २०० ते ३७५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला एक ते दीड किलो होते.
- स्पर्धांचे महिने वगळता वर्षभरात ४ ते ६ किलो.
- डेडलिफ्टमध्ये स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडपट भार योग्य पद्धतीने उचलता येणे.
- मुलांना सलग आठ ते दहा चिन-अप्स. मुलींना पहिल्या वर्षात एक ते तीन जमल्या तरी प्रगती उत्तम समजावी.
- वजन वाढूनही उभ्या उडीची उंची कायम राहणे किंवा वाढणे.

आधी डॉक्टरांकडे

उंच आणि किरकोळ बांध्याच्या खेळाडूसाठी ही पायरी विशेष महत्त्वाची आहे. मार्फन सिंड्रोम या आनुवंशिक विकारात शरीरातील संयोजी ऊती कमकुवत असतात. माणूस उंच, सडपातळ आणि लांब हातपायांचा होतो, म्हणजे बास्केटबॉलला अगदी साजेसा दिसतो. पण हृदयातून निघणारी महाधमनी हळूहळू रुंदावत जाते आणि फाटू शकते. श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब एकदम चढतो, त्यामुळे वजनांचा व्यायाम अशा व्यक्तीच्या जिवावर बेतू शकतो. अमेरिकेची ऑलिंपिक व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमधील सामन्यादरम्यान याच विकाराने महाधमनी फाटून दगावली. बेलर विद्यापीठाचा ७ फूट १ इंच उंचीचा बास्केटबॉलपटू आयझाया ऑस्टिन याला २०१४ मध्ये एनबीएच्या निवडीला काही दिवस उरले असताना हे निदान समजले.

पुढीलपैकी दोन-तीन लक्षणे आढळली, तर हृदयरोगतज्ज्ञांकडून टूडी इको करून घेईपर्यंत जड वजने उचलू नयेत:

- दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधील अंतर उंचीपेक्षा बरेच जास्त असणे
- छातीचे मधले हाड आत दबलेले किंवा पुढे आलेले असणे
- मूठ मिटल्यावर आत घेतलेल्या अंगठ्याचे टोक करंगळीच्या बाजूने बाहेर येणे
- चष्म्याचा मोठा नंबर किंवा डोळ्याचे भिंग सरकल्याचा इतिहास
- घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे

लांब हात हे अनेक निरोगी बास्केटबॉलपटूंचेही वैशिष्ट्य असते. त्यामुळे एका लक्षणावरून घाबरू नये. पण कुटुंबात असा मृत्यू झाला असेल, तर त्या एकाच कारणाने तपासणी करावी. उंच, सडपातळ तरुणांमध्ये फुप्फुसाभोवती अचानक हवा शिरण्याचा त्रासही इतरांपेक्षा अधिक आढळतो. छातीच्या एका बाजूला एकाएकी तीव्र कळ येऊन धाप लागली, तर स्नायू आखडला असेल असे समजून न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

भरपूर खाऊनही वजन वाढत नसेल, किंवा कारण नसताना घटत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर, ड जीवनसत्त्व यांच्या चाचण्या कराव्यात. जुना खोकला किंवा संध्याकाळी बारीक ताप येत असल्यास क्षयरोगाची तपासणी टाळू नये. मुलींची पाळी तीन महिने आली नसेल, तर सरावाच्या मानाने आहार अपुरा पडत असल्याचा तो इशारा असू शकतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि तोवर सरावाचा भार वाढवू नये.

ताट: पहिला आणि मोठा बदल

‘खूप खातो, तरी अंगाला लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा मोजमाप न केल्यामुळे असते. एका जेवणात भरपूर खाल्लेले लक्षात राहते. सकाळचा उपाशीपोटी सराव, बुडालेला नाश्ता आणि लेक्चरमुळे चार वाजेपर्यंत लांबलेले जेवण विसरले जाते. रोज दोन तास सराव करणाऱ्या ७५ किलोंच्या खेळाडूला वजन टिकवण्यासाठीच साधारण ३००० ते ३५०० कॅलरी लागू शकतात. वाढीसाठी त्यावर रोज ३०० ते ५०० कॅलरींची भर पुरते.

पहिला आठवडा काहीही न बदलता, खाल्लेला प्रत्येक पदार्थ वहीत लिहावा. त्यानंतर भर घालावी. मलईचे दूध एक ग्लास, एक केळे आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे एवढ्यात सुमारे ४५० ते ५०० कॅलरी मिळतात. हीच भर रोज, न चुकता घालणे हे एका दिवशी बिर्याणीवर ताव मारण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

प्रथिने. शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १.६ ते २ ग्रॅम प्रथिने पुरेशी असतात. ७५ किलोंच्या खेळाडूला म्हणजे १२० ते १५० ग्रॅम. ती चार ते पाच वेळांत विभागून घ्यावीत. अंदाजासाठी:

- एक अंडे: ६ ग्रॅम
- दूध, एक ग्लास (२५० मिलि): ८ ग्रॅम
- पनीर, १०० ग्रॅम: सुमारे १८ ग्रॅम
- कोरडे सोया चंक्स, ५० ग्रॅम: सुमारे २५ ग्रॅम
- शिजवलेले चिकन, १०० ग्रॅम: २५ ते ३० ग्रॅम
- फुटाणे, ५० ग्रॅम: सुमारे १० ग्रॅम
- मेसमधील एक वाटी वरण: पातळ असेल तर ३–४ ग्रॅम, घट्ट असेल तर ६–७ ग्रॅम

पिष्टमय पदार्थ. सराव आणि वजने दोन्ही असलेल्या दिवशी प्रत्येक किलोमागे ५ ते ७ ग्रॅम लागतात. भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, केळी, गूळ यांना घाबरण्याचे कारण नाही. हे कमी पडले की शरीर प्रथिने जाळू लागते आणि सराव निस्तेज होतो.

मेसमध्ये जेवणाऱ्या शाकाहारी खेळाडूचा दिवस असा असू शकतो:

- सरावापूर्वी: एक केळे, दोन खजूर, पाणी
- सरावानंतर नाश्ता: तीन थालीपिठे किंवा दोन बश्या पोहे, दोन ग्लास दूध
- दुपारी: चार पोळ्या, भात, दोन वाट्या घट्ट वरण, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, दही
- साडेचार-पाचला: फुटाणे-गूळ किंवा शेंगदाण्याचा लाडू, केळे
- रात्री: तीन भाकऱ्या, सोया चंक्सची किंवा पनीरची भाजी, वरणभात, वर चमचाभर तूप
- झोपताना: एक ग्लास दूध

यात साधारण १३० ग्रॅम प्रथिने बसतात. मांसाहारी खेळाडूला अंडी, चिकन, मासे घेऊन हा आकडा गाठणे सोपे जाते. पोट लवकर भरणाऱ्यांनी पातळ पदार्थांचा आधार घ्यावा: ३०० मिलि दूध, दोन केळी, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि दोन मोठे चमचे सातूचे पीठ मिक्सरमधून काढले की सुमारे ७०० कॅलरी आणि २५ ग्रॅम प्रथिने होतात. दूध पचत नसेल तर दही, ताक, सोया दूध वापरावे. जेवणाच्या आधी पोटभर पाणी पिऊ नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात भूक मरते. तेव्हा मोठे जेवण सूर्यास्तानंतर घ्यावे आणि दिवसा मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी व ताक चालू ठेवावे.

लांब हाडांना जुळणारे व्यायाम

उंच खेळाडूचे मांडीचे हाड आणि हात लांब असल्याने बारला जास्त अंतर कापावे लागते आणि सांध्यांवर ताण अधिक येतो. पाच फूट सहा इंच उंचीच्या मित्राला जमणारा स्क्वॉट आपल्याला जमत नाही म्हणून कमीपणा मानू नये. व्यायाम बदलावा.

- बॅक स्क्वॉटऐवजी सुरुवातीला डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, नंतर फ्रंट स्क्वॉट. त्यात धड ताठ राहते. टाचांखाली पातळ प्लेट ठेवल्यास खोली वाढते. घोटे आणि कंबर मोकळी होईपर्यंत मागे बाक ठेवून त्यावर टेकेपर्यंतच बसावे.
- जमिनीवरून सरळ बारच्या डेडलिफ्टऐवजी षटकोनी ट्रॅप बार. तो नसेल तर साध्या बारच्या प्लेट्सखाली लाकडी ठोकळे किंवा जादा प्लेट्स रचून बार नडगीच्या मध्यापर्यंत वर आणावा. पाठ सरळ राहते त्या उंचीवरूनच उचलावे.
- एका पायाचे व्यायाम: बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट, स्टेप-अप. उडी आणि दिशाबदल एका पायावर होत असल्याने यांचा थेट उपयोग होतो, शिवाय कमी वजनात काम भागते.
- बारच्या बेंच प्रेसऐवजी डंबेल प्रेस किंवा जमिनीवर झोपून केलेला फ्लोअर प्रेस. खांद्याला ताण न देता छाती आणि दंडाचे काम होते.
- ओढण्याचे व्यायाम ढकलण्याइतकेच, किंबहुना थोडे जास्त: चिन-अप, एका हाताचा डंबेल रो. सतत शॉट मारून पुढे झुकलेल्या खांद्यांना यांची गरज असते.
- धड आणि पकड: प्लँक, साइड प्लँक, दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन चालणे.

जोर आणि बैठका सुरुवातीला उत्तम आहेत. साहित्य नसलेल्या गावातही त्यांवर पाया घालता येतो. मात्र एका दमात शंभर बैठका होऊ लागल्या की त्यातून दमसास वाढतो, ताकद फारशी नाही. त्या टप्प्यावर पाठीवर पुस्तकांची किंवा वाळूची पिशवी घेऊन, एका पायावर, संथ गतीने आणि कमी संख्येने व्यायाम करावा.

आठवड्याचा आराखडा

स्पर्धा नसलेल्या महिन्यांत आठवड्यातून तीन दिवस, दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस सोडून, संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. छातीचा एक दिवस, दंडाचा एक दिवस अशी शरीरसौष्ठवपटूंची विभागणी बास्केटबॉलच्या सरावाशी जुळत नाही.

पहिला दिवस
- ट्रॅप बार किंवा ठोकळ्यांवरून डेडलिफ्ट: ५ आवर्तनांचे ३ सेट
- डंबेल बेंच प्रेस: ८ चे ३ सेट
- एका हाताचा रो: १० चे ३ सेट
- डंबेल घेऊन चालणे: ३० मीटरच्या ३ फेऱ्या

दुसरा दिवस
- गॉब्लेट किंवा फ्रंट स्क्वॉट: ६ ते ८ चे ३ सेट
- चिन-अप (न जमल्यास पायांचा आधार घेऊन): ५ ते ८ चे ३ सेट
- उभ्याने डंबेल शोल्डर प्रेस: ८ चे ३ सेट
- साइड प्लँक: प्रत्येक बाजूला ३० सेकंद, २ वेळा

तिसरा दिवस
- बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट: प्रत्येक पायाला ८ चे ३ सेट
- रोमानियन डेडलिफ्ट: ८ चे ३ सेट
- जोर किंवा फ्लोअर प्रेस: १० चे ३ सेट
- एका पायावर पोटऱ्यांचा व्यायाम: १२ चे ३ सेट

वजन असे निवडावे की सेट संपताना आणखी दोन आवर्तने निघाली असती असे वाटावे. सगळे सेट ठरलेल्या संख्येने पूर्ण झाले, की पुढच्या वेळी पायांच्या व्यायामात पाच किलो आणि हातांच्या व्यायामात शक्य तेवढे कमी, एक ते अडीच किलो वाढवावेत. मोठ्या व्यायामात दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे विश्रांती घ्यावी. दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा सेटची संख्या निम्मी करावी. एका आवर्तनात जास्तीत जास्त किती उचलते, हे पाहण्याची चढाओढ पहिल्या वर्षात करू नये.

वजनांच्या व्यायामाने शॉट बिघडतो हा समज एका खऱ्या अनुभवावरून पडला आहे: नवे व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे स्नायू दुखतात आणि हात जड वाटतो. ही सुरुवात स्पर्धेच्या तोंडावर न करता मोकळ्या काळात केली आणि जिमनंतर हलक्या गतीने वीस-तीस शॉट घेतले, तर हा प्रश्न सुटतो. व्यायामाने उंची खुंटते या समजाला आधार नाही.

धावणे, सराव आणि स्पर्धेचा काळ

सडपातळ खेळाडूची वाढ अडते त्यामागे बहुधा अपुऱ्या जेवणाबरोबर जादा धावणेही असते. संघाच्या सरावात पुरेशी धावपळ होत असताना पहाटेची पाच किलोमीटरची फेरी चालू ठेवली, तर घातलेली भर तिथेच खर्च होते. मोकळ्या काळात दमसास टिकवण्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा छोट्या, वेगवान धावा पुरेशा आहेत.

- सराव आणि वजने एकाच दिवशी असतील, तर मध्ये शक्यतो सहा तासांचे अंतर ठेवावे. ते जमत नसेल तर कौशल्याचा सराव आधी आणि वजने नंतर घ्यावीत.
- सामन्याच्या आधीच्या ४८ तासांत पायांचा जड व्यायाम टाळावा.
- आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या काळात आठवड्यातून दोन सत्रे, प्रत्येकी ३० ते ४० मिनिटांची ठेवावीत. वजन तेवढेच ठेवून सेट कमी करावेत. व्यायाम पूर्ण थांबवला तर कमावलेली ताकद काही आठवड्यांत उतरू लागते.
- स्पर्धेच्या प्रवासात दशम्या, उकडलेली अंडी, चिक्की, फुटाणे, केळी सोबत ठेवावीत. प्रवासात एक-दोन किलो घटणे नेहमीचे आहे. ते टाळता आले तर वर्षाची निम्मी लढाई जिंकली जाते.

गुडघे आणि कंडरा

स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला महिने लागतात. म्हणून वाढत्या ताकदीच्या खेळाडूचा गुडघा वाटीच्या खालच्या टोकाशी दुखू लागतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील अभ्यासात तेथील अव्वल बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ टक्क्यांना हा त्रास आढळला होता. सिमेंटच्या कोर्टवर खेळणाऱ्यांनी तर उड्यांची संख्या मोजूनच ठेवावी.

- आठवड्याच्या एकूण उड्या एकदम वाढवू नयेत; सामना झाला त्या दिवशी उड्यांचा वेगळा सराव नको.
- दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता, आवाज न करता उतरण्याचा सराव प्रत्येक वॉर्मअपमध्ये घ्यावा. मुलींमध्ये गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असल्याने त्यांनी हा भाग कधीच गाळू नये.
- दुखणे सुरू झाले तर पूर्ण विश्रांतीपेक्षा गुडघे वाकवून स्थिर राहण्याचे व्यायाम उपयोगी ठरतात: ४५ सेकंदांचे पाच सेट, मध्ये दोन मिनिटे विश्रांती. त्यानंतर तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर अशा संथ स्क्वॉटकडे जावे.
- सूज, गुडघा अडकणे किंवा पाय लटपटणे यांपैकी काही असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

झोप

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघातील ११ खेळाडूंवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्याचे ध्येय ठेवल्यावर त्यांचे फ्री-थ्रो आणि तीन गुणांचे शॉट यांची अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली आणि धावण्याचा वेगही सुधारला. इतका वेळ प्रत्येकाला मिळणार नाही; पण आठ ते नऊ तासांचे ध्येय ठेवावे. पहाटे साडेपाचचा सराव असेल तर रात्री साडेनऊला मोबाइल बाजूला ठेवणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

पावडरी आणि गोळ्या: काय घ्यावे, काय टाळावे

- व्हे प्रोटीन: ताटातून प्रथिने पूर्ण होत नसतील तरच. एका मापात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. दुधातल्या प्रथिनांपेक्षा त्यात वेगळी जादू नाही.
- क्रिएटिन मोनोहायड्रेट: ताकद वाढवण्यासाठी भक्कम पुरावा असलेले मोजके द्रव्य. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतात. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरल्याने एखादा किलो वजन वाढते. ती स्नायूंची वाढ समजू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.
- मास गेनर: बहुतेक डब्यांत मुख्य घटक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्वस्त पिष्टमय भुकटी असते. दूध, केळी, शेंगदाण्यांत तेच काम कमी पैशांत होते.
- अंग भरण्याच्या गोळ्या आणि बिननावाची चूर्णे: अशा उत्पादनांत भूक वाढवणारे सिप्रोहेप्टाडिन किंवा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असू शकते. पहिल्याने सुस्ती येते. दुसऱ्याने चेहरा सुजतो, स्नायू झिजतात आणि डोप चाचणीतही अडकण्याची वेळ येते.
- अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडची इंजेक्शने: कोणत्याही परिस्थितीत नाही. पहिल्याच गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, म्हणजे महाविद्यालयीन कारकीर्द संपलीच.

डोपिंगच्या नियमांत ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव पुरत नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची असते. एनबीएच्या निवडीत नाव आलेला पहिला भारतीय सतनामसिंग भामरा याच्या २०१९ मधील चाचणीत हायजेनामाइन हे द्रव्य आढळले आणि त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य काही वनस्पतींत आणि अनेक सप्लिमेंटमध्ये असते. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांतही चाचण्या होतात. त्यामुळे डबा घ्यायचाच असेल, तर स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेल्या खेपेचा, ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखे चिन्ह असलेला घ्यावा, बिल आणि रिकामा डबा जपून ठेवावा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण स्पर्धात्मक खेळाडू असल्याचे आधी सांगावे.

खेळाडूचे हक्क

- नकाराचा हक्क: प्रशिक्षक, जिमचालक किंवा वरिष्ठ खेळाडू यांनी दिलेली गोळी, इंजेक्शन किंवा पावडर नाकारता येते. संघात जागा देण्याची ती अट असू शकत नाही. दबाव आल्यास क्रीडा संचालक किंवा प्राचार्यांकडे लेखी तक्रार करावी.
- ग्राहकाचा हक्क: डब्यावर ‘एफएसएसएआय’चा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत असलीच पाहिजे. बनावट मालाबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.
- डोप चाचणीच्या वेळी: अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहणे, सोबत प्रतिनिधी ठेवणे, अर्जावर आपले म्हणणे लिहिणे आणि त्याची प्रत घेणे हे खेळाडूचे अधिकार आहेत. पहिला नमुना सदोष ठरल्यास दुसऱ्या नमुन्याची तपासणी मागता येते. चाचणीला नकार मात्र देऊ नये. तो स्वतंत्र गुन्हा ठरतो.
- औषधाची सूट: आजारपणासाठी बंदी असलेले औषध आवश्यक असेल, तर उपचारासाठी सवलत मागण्याचा अर्ज राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडे, म्हणजे ‘नाडा’कडे करता येतो.
- दुखापतीत: इंजेक्शनने दुखणे दाबून खेळण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे आणि सर्व कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत.

नोंद आणि त्यावरून निर्णय

आठवड्यातून तीन दिवस सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे व तिन्हींची सरासरी लिहावी. महिन्यातून एकदा बेंबीपाशी कमरेचा घेर, मांडीचा घेर आणि भिंतीवर खडूने खूण करून उभी उडी मोजावी. प्रत्येक सत्रातील वजने व आवर्तने वहीत नोंदवावीत. दर महिन्याच्या शेवटी पुढीलप्रमाणे ठरवावे:

- वजन स्थिर, ताकद वाढते आहे: व्यायाम तोच ठेवून रोज २०० ते ३०० कॅलरी वाढवाव्यात.
- वजन स्थिर, ताकदही स्थिर: आधी झोप आणि जादा धावणे तपासावे, मग जेवण वाढवावे. दोन महिने फरक नसेल तर पुन्हा वैद्यकीय चाचण्या कराव्यात.
- वजन आणि कमरेचा घेर वेगाने वाढतो, उडी घटते: रोजची भर निम्मी करावी.
- वजन वाढते, उडी टिकून आहे, वजने चढत आहेत: काहीही बदलू नये.
- सतत थकवा, चिडचिड, वारंवार सर्दी: एक आठवडा वजने निम्मी करावीत आणि जेवण कमी करू नये. तरीही फरक पडला नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिल्या वर्षात चार-पाच किलो चांगले वजन, कुणाच्या धक्क्याने न हलणारी कंबर आणि न दुखणारे गुडघे एवढे मिळाले, तर योजना यशस्वी समजावी. दुसऱ्या वर्षी हाच क्रम थोड्या जास्त वजनांनी आणि नव्याने ठरवलेल्या आहाराने पुढे चालवावा.